पाषाणभेदाला पांघरूण

बोट आत गेलं. झालं ते एवढंच. कॉफीचं पाणी ठेवून व्लास्ता गॅलरीत आली, कुंडीतल्या झाडाच्या त्या हिरव्या उशीवर तिनं सवयीनं मधलं बोट टेकवलं, आणि ते पेरभर आत गेलं. जायला नको होतं. ओल्द्रिख, तिचा नवरा, होता तेव्हा उशी अशी तपासायचं काम रोज सकाळी त्याचं असायचं. दाढीच्या आधी, नुसत्या बनियनवर, बाहेर पाणी गोठलेलं असलं तरी. कुंडीवर वाकायचा, त्या झाडावर बोटानं टकटक करायचा आणि आत स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "आहे गं, आहे! अगदी दगड आहे." आणि ती आतून म्हणायची, "असू दे. कधी माझीही तब्येत विचार." हे इतकी वर्षं चाललं होतं की दोघंही त्याला बोलणं म्हणून धरत नव्हते. तो गेल्यावर टकटक तिच्याकडे आली. काल केली होती का? परवा? तिला आठवेना. तिनं बोट बाहेर काढलं. पेराला काळपट ओल लागली होती, आणि तळघरात सडलेल्या बटाट्यांचा असतो तसा वास. वरून मात्र झाड हिरवंगार, पानांच्या कडांना चुन्याची पांढरी नक्षी जिथल्या तिथं, मधोमध फुगलेल्या कळ्या. वरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं.

आणि तिला हायसं वाटलं. आता हे सांगायचं तरी कुणाला? पण वाटलं खरं. दुःख नाही, धक्का नाही, पहिल्यांदा हायसंच वाटलं. "सुटले बाई," असं ती चक्क मोठ्यानं म्हणाली आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकली. आत पाणी उतू जाऊन शेगडी फसफसली. ती गेली, गॅस बंद केला, ओला ओटा तसाच ठेवून खुर्चीत बसली. हल्ली हे असंच व्हायचं. खुर्ची दिसली की बसायचं. उठायचं म्हटलं की जिवावर यायचं. ओल्द्रिखला जाऊन आख्खा हिवाळा सरला होता आणि सगळे तिला सांगत होते की आता तू विश्रांती घे; ती घेत होती, रात्रभर झोपत होती, दुपारी पुन्हा झोपत होती, आणि थकवा जागचा हलत नव्हता. यित्का ओस्त्रावाहून दर रविवारी फोन करायची. "आई, ती गॅलरी एकदाची रिकामी करून टाक. सगळे दगडधोंडे. निदान कपडे तरी वाळत घालता येतील तुला." पोरगी बोलायची ते खोटं नव्हतं. ब्रनोच्या त्या उंच इमारतीत चौथ्या मजल्यावरची ही एवढीशी काचबंद गॅलरी, आणि लग्न झाल्यापासून व्लास्तानं तिथं एक कपडा वाळत घातला नव्हता. तिथं वाळूचे वाफे होते, दगडी डोणी होत्या, भुसभुशीत चुनखडीच्या ढेकळांत रुजवलेली बोटाएवढी झाडं होती. कपडे न्हाणीघरात वाळायचे, आणि न्हाणीघरातल्या टबात तो कुंड्या भिजवत ठेवायचा, म्हणजे आंघोळ कधी करायची हेसुद्धा झाडं ठरवायची. सवत परवडली असती, असं ती मैत्रिणींना सांगायची. सवत निदान फ्रीजमध्ये बसत नाही. ओल्द्रिखचं बी मात्र भाजीच्या खणात असायचं, छोट्या छोट्या पुड्यांत, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. आणि एकदा सासूबाईंनी त्यातली एक पुडी खसखस समजून पावावर भुरभुरली होती, तेव्हा हा गृहस्थ आईशी आठवडाभर बोलला नव्हता.

आणि त्या सगळ्यांत हे. याचं बी त्यानं स्वतः धरलं होतं. पाषाणभेदाची एक पिवळी जात होती त्याच्याकडे, आणि एक गुलाबी; दोन्ही उंच डोंगरांतल्या कड्यांच्या फटीत वाढणाऱ्या, दोन्ही तळहाताएवढ्या, बर्फ वितळायच्या आतच फुलणाऱ्या. एका फेब्रुवारीत त्यानं तिचा भुवया रंगवायचा ब्रश पळवला आणि पिवळीचा पराग गुलाबीला लावला. "अरे, तो माझा ब्रश आहे!" "अगं, एकाच दिवसाचं काम आहे. लग्नकार्य आहे घरात." ब्रश परत आला तो पिवळा होऊन. बी आलं, पेरलं, बाहेर बर्फ पडला की हा बादली घेऊन खाली जायचा आणि रस्त्यावरचा स्वच्छ बर्फ वर आणून कुंड्यांवर पसरायचा. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, हा सांगायचा, रोपं झोपवतोय. एवढ्या रोपांतून एकच मनासारखं निघालं. त्याचं पहिलं फूल उमललं तेव्हा यित्काचं लग्न ठरत होतं, म्हणजे बघा. जर्दाळू मधोमध फोडल्यावर आत जो रंग असतो ना, तो. देठ नाहीच, उशीवर टाचणीनं टोचून ठेवल्यासारखी फुलं. तेव्हापासून ते झाड वाढत होतं आणि तो त्याला कुणाच्या दृष्टीस पडू देत नव्हता. म्हणजे दाखवायचा, पण द्यायचा नाही. दगडबागवाल्यांत, म्हणजे दगडांत अशी डोंगरी झाडं वाढवणाऱ्यांत, असं चालत नाही. चांगलं झाड आलं की त्याचे पानांचे दोन गुच्छ काढून दुसऱ्याला लावायला द्यायचे. आपलं मेलं तर त्याच्याकडून परत मागायचे. मागितलं तर त्यानं हूं की चूं न करता द्यायचं. हा सगळ्यांचा रिवाज, आणि ओल्द्रिखनं तो इतर प्रत्येक झाडाच्या बाबतीत पाळला होता. या एकाच्या बाबतीत नाही. "आधी वीतभर होऊ दे," तो म्हणायचा. "प्रदर्शनात मांडीन, नाव देईन, मग वाटीन सगळ्यांना." यंदा ते वीतभर झालं होतं. परवाच्या शनिवारी वसंत प्रदर्शन होतं. आणि झाड सडलं होतं, आणि ते तिनं सडवलं होतं.

कसं, ते तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

व्लास्तानं आयुष्यभर लोकांना पांघरुणं घातली. पाळणाघरात नोकरी, दुपारची जेवणं झाली की छोट्या खाटांच्या रांगा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ती आणि तिची पांघरुणं. शेवटच्या पोराला घालून होईपर्यंत पहिल्यानं लाथाडलेलं असायचं. मग सासू आली, खुबा मोडून, आणि आतल्या खोलीत राहिली ती राहिलीच. तिला भर जुलैत थंडी वाजायची. या सगळ्या वर्षांत व्लास्ताच्या हाताला एक वळणच पडून गेलं होतं. कुणी आडवं दिसलं की हात पांघरुणाकडे जायचा. त्यात काही प्रेमबिम असायचंच असं नाही, हे तिला आता वाटायला लागलं होतं. कित्येकदा तो नुसता थकवाच असायचा. एकदा झाकलं की आपण सुटलो, आता त्याचं बघायला नको, असं. यंदा जानेवारीत रेडिओवर सांगितलं, कडाक्याची थंडी येणार. ती खिडकीशी उभी राहिली. गॅलरीच्या काचेबाहेर ओल्द्रिखनं बसवलेली लोखंडी चौकट होती, तिच्यात ती कुंडी, उघड्यावर, वाऱ्यात. तो असता तर खूश होऊन हात चोळत बसला असता. "ह्याला माया नको, हवा पाहिजे," हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. आणि तरी. संध्याकाळी तिनं काच सरकवली, कुंडी उचलून आत घेतली, सगळ्या काचा लावल्या, आणि सोफ्यावरचं चौकड्यांचं लोकरी पांघरूण आणून तिच्याभोवती गुंडाळलं. वरून खालपर्यंत. "बिचारं," म्हणाली. थंडी ओसरली तेव्हा पांघरूण काढायला हवं होतं. उद्या काढू, उद्या काढू म्हणता म्हणता तिला ते काढावंसं वाटेनासंच झालं. आत दमट, उबदार, कोंदट. महिनाभरानं काढलं तेव्हा झाड हिरवं होतं. तिला वाटलं, बघा, काही झालं नाही.

पांघरूण तेच होतं. तेच, जे ऑक्टोबरात ओल्द्रिखच्या अंगावर होतं. दवाखान्यानं त्याला घरी पाठवलं होतं, म्हणजे आता काही करण्यासारखं उरलं नाही असं सौम्य शब्दांत सांगितलं होतं, आणि त्याची खाट गॅलरीच्या दाराशी लावली होती, त्याला झाडं दिसावीत म्हणून. श्वास पुरत नव्हता त्याला. सारखा पांघरूण ढकलायचा. "काढ ते." ती पुन्हा वर ओढायची. "खिडकी उघड." "अरे, बाहेर गारठा किती आहे. सर्दी होईल तुला." सर्दी होईल! जो माणूस चार दिवसांत जाणार आहे त्याला ती सर्दीची भीती घालत होती. तो हसला होता तेव्हा, ओठांच्या एका कोपऱ्यात, आणि म्हणाला होता, "हरकत नाही गं. होऊ दे की." ती नाही म्हणाली. शेवटच्या दुपारी तिनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, कडा गादीखाली नीट खोचल्या, पाळणाघरात खोचायची तशा, की पोरांना लाथाडता येऊ नये. आणि सूप गरम करायला गेली. परत आली तर तो गेलेला. कडा खोचलेल्याच होत्या. एक हात मात्र कसा कुणास ठाऊक, त्यानं बाहेर काढलेला होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, काय केलंस चुकीचं, मायेनंच केलंस ना. म्हणूनच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती अजून खुर्चीतच होती, कॉफी न करताच. दगडबाग मंडळाचे अध्यक्ष ब्लाहा बोलत होते. दातांचे डॉक्टर, निवृत्त झालेले, ओल्द्रिखचे, त्यांच्या 'ओल्दा'चे, तरुणपणापासूनचे दोस्त. फोनवरही कवळीचं माप घेतल्यासारखं सावकाश बोलायचे. "वहिनी, उद्या सकाळी येतो मी कुंडी न्यायला. खोकं आणतो, वाळू आणतो, तुम्ही काही हात लावू नका. मधलं टेबल ठेवलंय त्याच्यासाठी. कळ्या आहेत ना?" "आहेत," व्लास्ता म्हणाली. खोटं नव्हतं ते. "वा! शनिवारी उमलणार बघा. ओल्दा हे बघायला असायला पाहिजे होता हो." आणि तिकडे त्यांनी नाक शिंकरलं. त्या आवाजानं तिला ते आठवलं. म्हणजे ती ते विसरली कधीच नव्हती. फक्त इतके दिवस त्याचा उपयोग नव्हता.

रुमाल. दर वसंतात मंडळातले लोक एकमेकांच्या बागा बघत हिंडतात, आणि तीन वर्षांपूर्वी ते तिच्या गॅलरीतही आले होते, चार-चार जण करून, कारण जागा नाही. दारात उभं राहून ब्लाहा सगळ्यांना बजावत होते, "हात खिशात! मंडळी, हात खिशात!" प्रत्येक बागेच्या फाटकाशी ते हेच ओरडायचे. गुच्छ चिमटणारे लोक असतात ना. नखानं खुडायचा, मुठीत लपवायचा, घरी जाऊन वाळूत खोचायचा. अशांबद्दल ब्लाहा वार्षिक सभेत दरवर्षी बोलायचे, टेबलावर मूठ आपटून. त्या दिवशी सगळे चाखायला म्हणून बैठकीत गेले, ओल्द्रिख आलुबुखाराची दारू काढायला कपाटाशी वाकला, आणि व्लास्ता केकचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून निघाली ती दाराच्या काचेशी थांबली. गॅलरीत ब्लाहा एकटेच होते. रुमाल काढला, नाक शिंकरलं, वाकले, बोटं उशीच्या कडेला गेली, क्षणभरच, आणि रुमाल खिशात. दातांच्या डॉक्टरचा हात. झाडाला कळलंसुद्धा नसेल. मग ते बैठकीत आले आणि केकचे दोन तुकडे खाल्ले. आणि तिनं ओल्द्रिखला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? दोस्ती तुटेल म्हणून, असं ती स्वतःला म्हणायची. खरं सांगायचं तर तिला त्या वेळी आतून गंमत वाटली होती. कुणीतरी त्या सवतीचा एक केस उपटून नेला, बरं झालं.

म्हणजे झाड होतं. शहराच्या पलीकडच्या टोकाला ब्लाहांच्या अंगणात कुठंतरी, लपवून ठेवलेलं. ब्लाहा ते कधीच मांडू शकले नसते, त्याचं नावही घेऊ शकले नसते. तिनं गप्प बसायचं ठरवलं तर ओल्द्रिखचं झाड आज या गॅलरीत संपणार होतं, आणि तिकडं एका माणसाच्या शरमेत जन्मभर लपून राहणार होतं. बोलायचं ठरवलं तर एका म्हाताऱ्याची अब्रू काढायची, त्याच्या तोंडावर, स्वतःच्या घरात. आणि बोलून मिळवायचं काय? पुन्हा तेच झाड! पुन्हा टकटक, पुन्हा परातीत कुंडी ठेवून खालून पाणी पाजणं, चिमट्यानं वाळकी फुलं काढणं, उशी सगळीकडून सारखी वाढावी म्हणून कुंडी रोज थोडी थोडी फिरवणं. नको. तिला अगदी रडू फुटेल इतकं नको झालं. दुपारभर ती त्या खुर्चीतच बसून राहिली आणि दर थोड्या वेळानं ठरवत होती की गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी ब्लाहा आले ते खरंच खोकं घेऊन आले, टाय लावून. दारात बूट काढले, ओल्द्रिखच्या सपाता पायांत घातल्या, मग त्या कुणाच्या हे लक्षात येऊन चपापले. "असू द्या भाऊजी," व्लास्ता म्हणाली. ते गॅलरीत गेले. ती मागून गेली नाही. दाराच्या त्याच काचेतून तिला दिसलं: ते वाकले, कळ्या बघून मान डोलावली, आणि मग बोटानं टकटक करायला गेले. बोट आत गेलं. ते तसेच वाकून उभे राहिले, बराच वेळ.

आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, वरून पाणी घातलंत का?"

"नाही. पांघरूण घातलं."

"पांघरूण?"

"थंडी होती ना."

ब्लाहा खुर्चीत बसले. "अहो, त्याला थंडी—" असं म्हणाले आणि पुढचं गिळलं. मग एकदम टेबलावर मूठ आपटली, सभेत आपटायचे तशी. "हा ओल्दा! दे म्हटलं होतं मी त्याला. दरवर्षी म्हणत होतो, एक गुच्छ दे रे बाबा, माझ्याकडे ठेव, उद्या काही झालं तर? नाही! वीतभर होऊ दे म्हणे! घे आता, झालं वीतभर. कंजूष लेकाचा. दोस्तावर विश्वास दाखवला नाही." आणि बोलता बोलता त्यांना रडू आलं. रुमाल काढला, नाक शिंकरलं.

"तोच का हा रुमाल, भाऊजी?" व्लास्तानं विचारलं.

विचारायचं नव्हतं तिला. ठरलं होतं ना गप्प बसायचं. पण तोंडातून गेलं, आणि ते जाताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की आपल्याला ते झाड हवं आहे. आपल्यासाठी नाही. बरंच काहीतरी तिनं त्या पांघरुणाखाली खोचून टाकलं होतं, त्यातलं एक तरी बाहेर राहिलेलं असायला हवं होतं, त्याच्या त्या हातासारखं.

ब्लाहांनी रुमालाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. कान लाल झाले. म्हातारा माणूस शाळकरी पोरासारखा खाली बघायला लागला.

"तुम्हाला... केव्हापासून माहीत आहे?"

"केकच्या आधीपासून."

"आणि मला केक वाढलात?"

"दोन तुकडे. दुसरा तुम्हीच मागून घेतलात."

मग त्यांच्या खांद्यांना हलकासा धक्का बसला, आणि तिला वाटलं पुन्हा रडताहेत. पण ते हसत होते, डोळे पुसत, लाजत. तीही हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे. गाल दुखले तिचे. "ओल्दाला सांगितलं नाहीत?" "नाही." "का हो?" "तुमच्यासाठी नाही काही," ती म्हणाली. "मला राग यायचा त्या झाडाचा."

"जगलं ते," ब्लाहा हळूच म्हणाले. "मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांच्या मागं ठेवलंय, बायकोलाही सांगितलं नाही. एवढं झालंय," त्यांनी अर्ध्या लिंबाएवढं माप दाखवलं. "यंदा फुलं धरली त्यानं. आणि त्याचंच एक पिल्लू केलं मी, ते तर अजून लहान. वहिनी, तुम्ही मागा. तुम्ही मागितलंत म्हणजे मी दिलं. रिवाज आहे तो. मग ते चोरीचं राहणार नाही."

केवढ्या आशेनं बघत होते ते! दोघांतलं कुणाला जास्त गरज आहे, असं तिच्या मनात आलं. "मागते," ती म्हणाली. "द्या परत."

ते तेव्हाच उठले, आणि दुपारी परत आले, ट्राममधून, मांडीवर दोन कुंड्या धरून. मोठी त्यांनी टेबलावर ठेवली. तीन फुलं उमललेली. तोच रंग. व्लास्तानं त्याच्याकडे बघितलं आणि तिला ना आनंद झाला ना दुःख; ती खुर्ची ओढून बसली. बोट पुढं केलं. टक. टक. "आहे," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही.

ब्लाहांनी खिशातून प्रदर्शनाचं कोरं कार्ड काढलं, चष्मा लावला. "वाढवणाऱ्याचं नाव, ओल्द्रिख. हे तर झालंच. झाडाचं नाव काय लिहू? ओल्दा मला म्हणाला होता, शेवटच्या भेटीत... म्हणाला, ह्याला 'व्लास्ता' नाव द्यायचं."

"भाऊजी, खोटं बोलू नका."

"नाही, म्हणजे—"

"शेवटच्या भेटीत तो तुमच्याशी फुटबॉलवर बोलला. मी चहा आणला होता."

ब्लाहांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"लिहा, अजून नाव नाही. आणि वाढवणाऱ्यांत तुमचंही लिहा. त्यानं केलं, तुम्ही जगवलं. मी काय केलं ते नका लिहू म्हणजे झालं." त्यांनी लिहिलं, सुवाच्य, वळणदार, स्वतःचं नाव लिहिताना अक्षर मात्र बारीक आलं.

जाताना मोठी कुंडी खोक्यात घेतली आणि छोटी तिथंच ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढे चार-पाच गुच्छ, चुनखडीच्या ढेकळात घट्ट बसलेले. "ही तुमची."

"नको हो," व्लास्ता म्हणाली. "खरंच नको. माझ्यात आता कुणाचं काही करायचा जीव नाही उरला."

"मग हीच ठेवा. हिचं काही करावंच लागत नाही. सगळा हिवाळा मी हिला विसरलो होतो. बर्फाखाली पडून होती. बाहेर त्या चौकटीत ठेवा आणि सोडून द्या." बूट घालता घालता ते थांबले, आणि थोडे लाजून म्हणाले, "फक्त हात खिशात."

ते गेल्यावर तिनं काच सरकवली आणि छोटी कुंडी बाहेर चौकटीत ठेवली. सडलेल्या झाडाची जुनी कुंडी तिनं अजून हलवली नव्हती. तिच्या कळ्या तशाच होत्या, आपण मेलोय हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते उद्या बघू. तिनं दोन दिवसांत पहिल्यांदाच कॉफी केली आणि प्यायली. उजेड उतरत आला तसा वारा सुटला, समोरच्या इमारती करड्या झाल्या, आणि मार्च अर्धा सरलेला असताना बर्फ पडायला लागला. आधी बारीक, मग जाड. तिनं काचेतून बघितलं. चौकटीतल्या त्या एवढ्याशा झाडावर पांढरं साचत चाललं होतं, एका बाजूला वाऱ्यानं पानं उघडी पडली होती. केवढंसं ते! आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण उठलोय, सोफ्याशी गेलोय, आणि चौकड्यांचं पांघरूण आपल्या हातात आहे. पाय कधी चालले, हात कधी गेला, कळलंसुद्धा नव्हतं. ती दाराशी उभी राहिली. त्या लोकरीला अजून त्याचा वास होता, थोडा त्या कुबट ओलीचाही. "काढ ते," तो म्हणत होता. किती साध्या आवाजात म्हणत होता. रागावलासुद्धा नव्हता एकदाही.

"काढलं रे," व्लास्ता म्हणाली. "काढलं बघ."

तिनं गॅलरीच्या काचा एकेक करून उघडल्या. सगळ्या. गारठा आत आला, बर्फाचे कण वाळूच्या वाफ्यांवर येऊन पडले, जिथं त्याची खाट होती त्या जागेपर्यंत वारा गेला. तिला हुडहुडी भरली. किती वर्षांत आपल्याला थंडी वाजते हे तिला आठवलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाला वाजत असेल हेच बघण्यात गेली होती ती वर्षं. तिनं ते पांघरूण स्वतःच्या खांद्यांवर घेतलं, खुर्ची उघड्या काचेशी ओढून बसली, आणि दोन्ही हात खिशात घातले.